खेळ जिंकायला भाषा लागते का?

दुसरी भाषा शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्गात चाळीस मुलं आहेत. आठवड्यातून एक-दोनदा ते भाषेचे खेळ घेतात. मुलं खूश असतात, पण भाषा येत असल्याचं काही दिसत नाही. खेळ रंगला की सगळे आपापल्या घरच्या भाषेवर उतरतात, गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाकडून निरोप येतो आणि दुसऱ्या दिवशी खेळातले शब्द विचारले तर कोणाला आठवत नाहीत. मग खेळ घ्यावेत की सोडून द्यावेत?

घ्यावेत. पण सध्या जे घेताय त्यातले बरेचसे बहुधा सोडावे लागतील.

प्रत्येक खेळाला आधी एक प्रश्न विचारा: भाषा न वापरता हा खेळ जिंकता येतो का? स्क्रॅबल म्हणजे सुट्या अक्षरांच्या सोंगट्यांतून शब्द जुळवण्याचा खेळ. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांनी शब्दकोशातले शब्द निव्वळ अक्षरांच्या जुळण्या म्हणून पाठ केले होते. २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिश स्क्रॅबलचं विश्वविजेतेपदही तसंच मिळवलं. त्यांची स्मरणशक्ती अफाट आहे यात वाद नाही, पण शिक्षकाने यातून वेगळं काही घ्यायचं आहे. दिसायला शंभर टक्के शब्दांचा असलेला खेळही अर्थाला स्पर्श न करता जिंकता येतो. आणि मुलं फार हुशार असतात. जिंकायचा सर्वांत सोपा रस्ता ती पहिल्या पाच मिनिटांत शोधतात. त्या रस्त्यावर भाषा नसेल तर ती भाषेच्या वाटेला जाणारच नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

या प्रश्नाच्या उजेडात नेहमीचे खेळ बघा. उलट्या ठेवलेल्या पत्त्यांमधून चित्र आणि शब्दाची जोडी शोधायची: यात पत्ता कुठे होता हे लक्षात ठेवणारा जिंकतो. फळ्यावर रेघा मारून एकेक अक्षर ओळखायचं: यात शब्द येणं आणि न येणं यात फारसा फरक पडत नाही, आणि एक मूल एक अक्षर बोलतं तेव्हा बाकीचा वर्ग वाट बघत बसतो. दमशेरात अभिनय करणारा तर बोलतच नाही, बाकीचे सुटे शब्द ओरडतात. कानगोष्टीत गंमत आहे, पण प्रत्येकाच्या वाट्याला तीन सेकंदांची कुजबुज येते. हे खेळ वाईट आहेत असं नाही. तासाच्या शेवटची पाच मिनिटं उरली असतील तर जरूर घ्या. फक्त त्याला भाषेचा सराव समजू नका.

भाषा लागतेच असे खेळ बहुतेक एका तत्त्वावर उभे असतात: एकाला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही, आणि दोघांचं मिळून काम झाल्याशिवाय डाव संपत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा जो प्रकल्प चालवला, त्यात वर्गातल्या कामांचे तीन प्रकार त्यांनी मांडले. माहितीतली तफावत (एकाकडची माहिती दुसऱ्यापर्यंत पोचवायची), तर्काने भरून काढायची तफावत (हाताशी असलेल्या माहितीवरून विचार करून नवं काही शोधायचं) आणि मतांमधली तफावत (प्रत्येकाने आपलं मत मांडायचं). ते प्रकल्पात खेळ घेत नव्हते, मुलांना विचार करायला लावणारी कामं देत होते. पण खेळ निवडण्यासाठी हे तीन प्रकार मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटतात.

उदाहरणादाखल मी मराठीच घेतो, म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकाला वाक्य पडताळून बघता येईल. तुमची भाषा कोणतीही असो, रचना तीच.

दोन चित्रांतले फरक शोधण्याचा खेळ घ्या. जोडीतल्या एकाकडे एक चित्र, दुसऱ्याकडे थोडं वेगळं. एकमेकांची चित्रं बघायची नाहीत, बोलून सात फरक शोधायचे. आता खरी मेहनत चित्र काढण्यात आहे. तुम्हाला 'वर, खाली, मागे, शेजारी' शिकवायचं असेल, तर दोन्ही चित्रांत वस्तू त्याच हव्यात, जागा मात्र वेगळ्या. एका चित्रात मांजर टेबलाखाली, दुसऱ्यात खुर्चीमागे. वस्तूच वेगळ्या ठेवल्या तर मुलं 'मांजर आहे?' 'नाही' एवढ्यावर फरक शोधून मोकळी होतात आणि जे शिकवायचं ते राहूनच जातं. विशेषणांचं लिंग पक्कं करायचं असेल तर रंग आणि आकार बदला: 'माझा ससा पांढरा आहे', 'माझी मांजर पांढरी आहे', 'माझं घर पांढरं आहे'. इथे ससा, मांजर आणि घर तिन्ही असायला हवेत, नाहीतर एकच रूप घोकलं जातं. थोडक्यात, जो भाषेचा तुकडा शिकवायचा त्यावरच फरक बेतायचे. छापील चित्रांमध्ये असा विचार क्वचितच केलेला असतो. म्हणून दोन साध्या रेघोट्यांची चित्रं स्वतः काढलेली बरी. चित्रकला वाईट असली तरी चालते. उलट 'हे काय आहे, कुत्रा की घोडा?' यावरच दोन वाक्यं जास्त बोलली जातात.

चित्रं झाकण्याची सोय मात्र गंभीरपणे करा. मुलं समोरासमोर बसवा आणि मधे दप्तर उभं ठेवा. शेजारी बसली की नजर जातेच, आणि एकदा चित्र दिसलं की डाव संपला.

थोड्या मोठ्या मुलांसाठी माझा आवडता खेळ चोरीच्या चौकशीचा आहे, त्यामुळे त्याबद्दल जरा जास्त लिहितो. काल संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान चोरी झाली. दोन संशयित म्हणतात, 'आम्ही तेव्हा एकत्र होतो.' दोघांना पाच मिनिटं वर्गाबाहेर पाठवायचं. कुठे होतो, काय करत होतो, कोण भेटलं, परत कसे आलो, सगळं त्यांनी एकमतानं ठरवायचं. तेवढ्या वेळात आतली मुलं गटागटात प्रश्न तयार करतात. मग एकेकाला आत बोलावून तेच प्रश्न. उत्तरं तीन ठिकाणी जुळली नाहीत तर दोघे दोषी. या एका खेळात भूतकाळ, चालू भूतकाळ, प्रश्नार्थक वाक्यं, वेळ सांगणं, क्रम सांगणं हे सगळं येतं. आणि ओढूनताणून आणावं लागत नाही, कारण 'तुम्ही तिथे पोहोचलात तेव्हा पाऊस पडत होता का?' यासारखा प्रश्न विचारल्याशिवाय चोर सापडत नाही. प्रश्न विचारणारे ऐकतातही जिवाचा कान करून, कारण पहिल्या संशयिताच्या उत्तराशी दुसऱ्याचं ताडून बघायचं असतं. चाळीस मुलांत एकच जोडी संशयित ठेवू नका. चार-पाच जोड्या एकाच वेळी बाहेर काढा आणि एकेका संशयिताला एकेका गटाकडे पाठवा, मग अदलाबदल करा. नाहीतर चार मुलं बोलतात आणि बाकीची प्रेक्षक होतात.

इथे एक साधा हिशेब करून बघा. दोन संघ, फळ्यापाशी एकेक जण येतो, वीस मिनिटांचा खेळ. प्रत्येक पाळीला अर्धं मिनिट धरलं तर चाळीस पाळ्या होतात. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक पाळी, आणि तीही बहुतेक वेळा एका शब्दाची. तीच वीस मिनिटं जोड्यांना दिली तर वीस जोड्या एकाच वेळी बोलतात. निम्मा वेळ अडखळण्यात, विचार करण्यात आणि भांडणात गेला तरी प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. संघ करून फळ्यापाशी घेतलेला खेळ बाहेरून बघणाऱ्याला फार जिवंत वाटतो. आरडाओरडा, टाळ्या, उत्साह. जोड्यांचा खेळ नुसताच कलकलाट वाटतो. पण बोलणं दुसऱ्यात जास्त होतं.

याच कारणासाठी 'बाद' होण्याचे खेळ मला पसंत नाहीत. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्यांदा बाद होऊन कोपऱ्यात बसतो. खेळ आवडता असेल तर नियम बदला: बाद झालेल्याने एक पूर्ण वाक्य बोलून परत आत यायचं, किंवा पुढचा प्रश्न त्याने विचारायचा. राज्य ज्याच्यावर त्याने जास्त बोलायचं, एवढी एक कलाटणी दिली तरी पुष्कळ खेळ भाषेच्या कामाचे होतात.

आता घरच्या भाषेवर उतरण्याबद्दल. यावर दंड, गुण कापणं, फळ्यावर नाव लिहिणं असे उपाय मी बरेच पाहिले आहेत. त्यांनी मुलं शिकायच्या भाषेत बोलत नाहीत, गप्प बसतात. त्याआधी मुलं घरच्या भाषेत नक्की काय बोलतात ते कान देऊन ऐका. चित्रातल्या मांजराबद्दल ती बहुधा शिकवलेल्या भाषेतच प्रयत्न करत असतात. घरच्या भाषेत येतं ते हे: 'आता माझी पाळी', 'ए, बघू नकोस', 'परत सांग ना', 'थांब, मला लिहू दे', 'झालं का तुझं?', 'हा रडीचा डाव आहे!' म्हणजे खेळातली भाषा आपण शिकवली, पण खेळण्याची भाषा शिकवलीच नाही. ही आठ-दहा वाक्यं पहिल्याच दिवशी शिकवा, मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि प्रत्येक खेळाआधी दोन मिनिटं म्हणून घ्या. ही वाक्यं दर खेळात लागतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा लवकर तोंडात बसतात. शिवाय ती वर्गाबाहेरही कामाला येतात. 'परत सांगाल का?' हे वाक्य नव्या भाषेत जितकं वापरावं लागतं तितकं दुसरं कुठलंच नाही.

एवढं करूनही मुलं घसरत असतील तर खेळ अवघड झालाय असं समजा. तो सोपा करा. आणि नियम घरच्या भाषेत समजावून सांगायला काही हरकत नाही. त्याहून बरं म्हणजे सांगूच नका, एका मुलाला पुढे घेऊन एक पाळी खेळून दाखवा. पाच मिनिटांचं नियमांचं भाषण कोणत्याही भाषेत वायाच जातं.

दुसऱ्या दिवशी शब्द आठवत नाहीत, त्याची दोन कारणं असावीत.

पहिलं, शब्दांची निवड. रंग सगळे एकदम, प्राणी सगळे एकदम, शरीराचे अवयव सगळे एकदम, असे गठ्ठे करून खेळ बनवणं सोपं जातं. पण टिंकहॅम आणि वेअरिंग या संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला वेळ जास्त लागतो. वर्गात हे रोज दिसतं. 'डावा-उजवा' एकाच दिवशी शिकलेलं मूल वर्षभर गोंधळतं. म्हणून नवे शब्द पहिल्यांदा भेटताना ते एखाद्या प्रसंगातून, सरमिसळ यावेत. मांजर, टेबल, पांढरा, झोपणे, खाली. गठ्ठ्यांचे खेळ नंतर, शब्द निम्मे-अर्धे ओळखीचे झाल्यावर उजळणीसाठी घ्या. तेव्हा त्यांचा फायदा होतो.

दुसरं, शब्द समोर दिसणं आणि तो डोक्यातून काढावा लागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून नंतर तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते. तुमच्या वर्गात नेमकं हेच होत असेल: खेळ संपला तेव्हा सगळ्यांना सगळं येत होतं. पत्त्यावर शब्द छापलेला असेल तर मूल तो वाचतं, आठवत नाही. पत्त्यावर फक्त चित्र ठेवा. आणि तोच खेळ तीन दिवसांनी परत घ्या, मग दहा दिवसांनी पुन्हा, दर वेळी चार-पाच शब्द बदलून.

शिक्षकांना सतत नवे खेळ हवे असतात. मला वाटतं ही हौस मुलांची कमी आणि आपली जास्त असते. मुलांना ओळखीचा खेळ आवडतो, कारण त्यात ती तरबेज होत जातात. नवा खेळ म्हटला की पहिला डाव नियम समजण्यात जातो आणि भाषेसाठी डोक्यात जागा उरत नाही. वर्षभराला सहा-सात खेळ पुरतात. आशय बदलायचा, सांगाडा तोच ठेवायचा. वीस प्रश्नांत ओळखण्याचा खेळ पहिलीत प्राण्यांवर चालतो आणि महाविद्यालयात ऐतिहासिक व्यक्तींवरही.

गोंगाटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जोडीतले दोघे एकमेकांच्या जवळ बसवले की आवाज आपोआप खाली येतो, दूर बसवले की वाढतो. थांबण्याची एक खूण ठरवा (मी हात वर करतो, ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा) आणि ती खेळाआधी दोनदा करून घ्या. काही खेळ लिहून होतात. चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवायचा, उत्तर चिठ्ठीवरच यायचं. शेजारचा वर्ग परीक्षेला बसला असेल तेव्हा हे खेळ काढा. पण बोलण्याचा सराव हवा आणि आवाज नको, हे जमणार नाही. मुख्याध्यापकांना हे एकदा नीट सांगून ठेवलेलं बरं.

स्पर्धा किती ठेवायची? लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्र काढायला मुळातच आवडत होतं, त्यातल्या काहींना आधी सांगून बक्षीस दिलं गेलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. म्हणून खेळातले गुण परीक्षेच्या गुणांना कधीही जोडू नका आणि बक्षिसांचा रतीब घालू नका. घड्याळाविरुद्धची शर्यत पुरेशी चुरस देते: 'मागच्या वेळी सात फरक शोधायला नऊ मिनिटं लागली होती.' थोडा नशिबाचा भागही ठेवा, फासा किंवा चिठ्ठी. नाहीतर तीच तीन मुलं दर वेळी जिंकतात आणि बाकीच्यांना आपला निकाल आधीच माहीत असतो.

चुका खेळ चालू असताना सुधारू नका. वहीत टिपत फिरा. आणि खेळ संपल्यावर लगेच पुस्तक उघडायला सांगू नका, कारण खेळानंतरची सात-आठ मिनिटंच माझ्या मते सर्वांत मोलाची असतात. बहुतेक वर्गांत तेवढ्यात घंटा होते. टिपलेल्यातली पाच-सहा वाक्यं फळ्यावर लिहा, काही बरोबर, काही चुकलेली, कोणाचंही नाव न घेता. कोणती दुरुस्त करायची ते मुलांना जोडीत ठरवू द्या. त्या वेळी मुलांना ती वाक्यं खरोखर हवी असतात, दोनच मिनिटांपूर्वी त्यांच्याच तोंडात ती अडकलेली असतात. मग तोच खेळ, नवा जोडीदार, पाच मिनिटं. दुसऱ्या डावात भाषेत जो फरक पडतो तो ऐकून घ्या. खेळासाठी वीस मिनिटं असतील तर सलग वीस मिनिटं खेळवण्याऐवजी आठ मिनिटं खेळ, सात मिनिटं फळा, पाच मिनिटं पुन्हा खेळ असं वाटून द्या.

अस्खलितपणासाठी तर पुन्हा बोलणं हीच युक्ती आहे. एकच गोष्ट एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन. ही पद्धत १९८० च्या दशकापासून भाषाशिक्षणात वापरात आहे. हा खेळ म्हणावा की नाही यावर वाद घालता येईल, पण मुलं तो खेळासारखाच खेळतात. नवशिक्यांना मिनिटं कमी द्या: दोन, दीड, एक.

मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषांबद्दलही विचारलं जातं. चार पर्यायांतला एक पटकन दाबायचा, यात ओळखणं होतं, बोलणं होत नाही. उजळणीपुरतं ठीक.

खेळांनी सगळं होत नाही, हेही मान्य करायला हवं. लांब मजकूर वाचणं, परिच्छेद बांधणं, एखादा व्याकरणाचा नियम शांतपणे समजून घेणं यासाठी खेळ हे चुकीचं हत्यार आहे. प्रौढ विद्यार्थ्यांपुढे तर मी 'खेळ' हा शब्दच वापरत नाही. 'दोघांनी मिळून हे शोधा' म्हटलं की तेच काम ते मनापासून करतात. आणि वर्गात एखादं मूल असं असतंच, जे महिनोन्महिने ऐकतं आणि बोलत नाही. त्याला संशयित करू नका, प्रश्नकर्त्यांच्या गटात नोंदी ठेवायचं काम द्या. ऐकून लिहिणं हीसुद्धा भाषाच आहे, आणि बोलायला ते स्वतःहून लागेल.

सुरुवात फरक शोधण्याच्या खेळाने करा. फरक असलेली दोन चित्रं काढा, झेरॉक्स करा, दुप्पट कागद ठेवा. काही जोड्या तीन मिनिटांत संपवतील, त्यांचं काय करायचं हे आधीच ठरवलेलं असलं पाहिजे, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यांना कोरा कागद द्या आणि पुढच्या वेळची दोन चित्रं काढायला बसवा. कोणता फरक कोणत्या वाक्यासाठी ठेवलाय, ते मात्र त्यांनी मागच्या बाजूला लिहायचं.